काढलेली अक्कलदाढ परत येते का? चार वर्षांनी त्याच जागी काहीतरी टोचतंय

फौंड्रीवाला · मंगळवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत. वय ३६. चार वर्षांपूर्वी खालची डावीकडची अक्कलदाढ काढून घेतली. आडवी होती आणि पुढच्या दाढेला रेटत होती. काढायला सव्वा तास लागला. एकसंध निघाली नाही, तुकडे करून काढावी लागली, तीन टाके पडले. आठवडाभर तोंड नीट उघडत नव्हतं, भाताच्या पेजेवर दिवस काढले. मग हळूहळू सगळं भरून आलं आणि मी तो विषय विसरूनही गेलो.

गेल्या पंधरवड्यापासून जेवताना जीभ तिकडं गेली की काहीतरी कडक लागतंय. आधी वाटलं भडंगातलं काहीतरी अडकलं असेल. चुळा भरल्या, ब्रश घातला, पण जागचं हलेना. परवा बायकोनं मोबाईलची बॅटरी लावून बघितलं. तिनं सांगितलं, हिरडीतनं तांदळाच्या कणीएवढं पिवळट टोक वर आलंय आणि भोवतीची हिरडी लाल झालीय. दाबलं की दुखतं. सकाळी उठल्यावर तोंडाला घाण चव असते.

कारखान्यात एक जण छातीठोक सांगतोय की अक्कलदाढ परत येते, त्याच्या मामाला आली होती. दुसरा म्हणतो असं होऊच शकत नाही. ज्या दवाखान्यात दाढ काढली तिथं फोन केला, तर "दाढ पूर्ण काढलेली आहे, परत येत नसते, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा" एवढंच उत्तर मिळालं. बरं, परत येत नसेल तर मग माझ्या जिभेला लागतंय ते काय? सांगा की कुणीतरी. तो सव्वा तास परत सोसायचा या विचारानंच झोप लागत नाही.

गंगावेसकर · मंगळवार, रात्री १०:४०

भावा, घाबरू नको. माझी दाढ काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात असंच टोक वर आलं होतं. मलाही दातच वाटला. डॉक्टरांनी चिमट्यानं हलकेच ओढला तर माशाच्या काट्यासारखा हाडाचा पातळ तुकडा निघाला. जबड्याच्या हाडाची कडा सुटून येते म्हणाले. भूलसुद्धा द्यावी लागली नाही. पण माझं हे तीन आठवड्यांत झालं, तुझी चार वर्षं झालीत. तेव्हा तुझं तेच असेल असं मी सांगणार नाही.

गडहिंग्लजची_लेक · मंगळवार, रात्री ११:०५

दादा, त्या मामांचं खोटं नसेल. माझ्या थोरल्या बहिणीची वरची उजवी अक्कलदाढ काढली आणि दोन वर्षांनी त्याच्या मागं बारीक, सुळक्यासारखा दात आला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. आई तर म्हणायला लागली, डॉक्टरनं पैसे घेतले आणि दाढ काढलीच नाही. पण पहिल्या वेळी काढलेली दाढ आम्ही कागदात गुंडाळून घरी आणली होती, मुळासकट. म्हणजे ती निघाली होती आणि तरी पुन्हा दात आला. याचा अर्थ काय लावायचा?

राजारामपुरी_दंतवैद्य · बुधवार, सकाळी ७:२५

मी दातांची डॉक्टर आहे, वीस वर्षं झाली. सकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आत लिहितेय, कारण हा प्रश्न मला महिन्यातनं एकदा तरी कुणीतरी विचारतंच आणि याचं अर्धवट उत्तर दिलं की पेशंट घरी बसून राहतो.

पूर्ण काढलेली दाढ परत येत नाही. माणसाला दातांचे दोनच संच मिळतात, दुधाचे २० आणि कायमचे ३२. प्रत्येक दात जबड्यात आधीच तयार असलेल्या एका अंकुरातनं वाढतो. दाढांचं आणखी एक वेगळेपण आहे. पुढचे कायमचे दात दुधाच्या दातांच्या जागी येतात, पण या तीन मोठ्या दाढांच्या आधी त्या जागी काहीच नसतं. जबडा लांबत जातो तशी अंकुराची पट्टी मागं सरकते. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली दाढ, बाराव्या वर्षी दुसरी, आणि १७ ते २५ च्या दरम्यान तिसरी म्हणजे अक्कलदाढ. मूल आठ-दहा वर्षांचं असतं तेव्हाच हाडाच्या आत अक्कलदाढेचा माथा घडायला सुरुवात झालेली असते. शेवटी ती पट्टी विरून जाते. दाताचं टणक आवरण ज्या पेशी तयार करतात त्याही दात तोंडात येताना संपतात. म्हणजे दाढ काढल्यावर त्या खड्ड्यात नवी दाढ घडवणारं काहीच उरत नाही. खड्डा आधी रक्ताच्या गुठळीनं भरतो, हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते आणि आतलं हाड भरायला काही महिने जातात. तिथं हाड होतं, दात होत नाही.

पण फौंड्रीवाला यांच्या जिभेला लागतंय ते खरं आहे. "परत येत नसते" एवढं बोलून फोन ठेवायला नको होता. तिथं कडक काहीतरी येण्याची कारणं आहेत आणि त्यातली दोन वर आलीच आहेत. हाडाची कपची बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत येते. गडहिंग्लजच्या ताईंच्या बहिणीला आली ती चौथी दाढ. काही लोकांच्या जबड्यात ३२ पेक्षा जास्त अंकुर असतात. अक्कलदाढेच्या मागं येणारा जादा दात वरच्या जबड्यात जास्त आढळतो, बहुतेक वेळा तो लहान आणि टोकदार असतो. तो पहिल्यापासून आतच होता. पुढची दाढ निघाली, वाट मोकळी झाली, म्हणून खाली उतरला. तुमच्या आईंनी त्या डॉक्टरांवर घेतलेला संशय मनातनं काढून टाकायला सांगा.

तिसरं कारण म्हणजे राहिलेलं मूळ. फौंड्रीवाला, तुमचं वर्णन वाचून मला याचीच शंका जास्त येते. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांखालनं हाडाच्या बोगद्यातनं एक नस जाते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची जाणीव तिच्यामुळं असते. मूळ त्या नसेला चिकटलेलं किंवा टोकाला वळलेलं असेल आणि काढताना टोक तुटलं, तर ते उकरत बसण्यात धोका असतो. नसेला धक्का लागला तर ओठ बधिर होतो, काही जणांचा कायमचा. अशा वेळी छोटं, निरोगी टोक तिथंच ठेवणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. कधी कधी तर ठरवूनच दाढेचा फक्त माथा कापून मुळं आत ठेवतात. त्याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. ही मुळं नंतर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत दोन-तीन मिलिमीटर वर सरकतात. बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबतात, पण क्वचित काही वर्षांनी हिरडीतनं डोकं काढतात. पेशंटला वाटतं दाढ उगवली.

यातलं नक्की कुठलं, हे बॅटरी मारून कळणार नाही. ओपीजी म्हणजे जबड्यांचा मोठा एक्सरे काढा. उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, मशीन डोक्याभोवती फिरतं, पाव मिनिटात काम होतं. दोन्ही जबडे एका फिल्मवर दिसतात. आणि चार वर्षांपूर्वीचा एक्सरे घरात असेल तर शोधून ठेवा, तो नव्याइतकाच महत्त्वाचा आहे. घाण चव येतेय म्हणजे तिथं जंतू शिरलेत, तेव्हा पुढच्या महिन्यावर ढकलू नका. तोंड उघडायला त्रास, ताप किंवा गळ्याखाली सूज आली तर त्याच दिवशी जा.

फौंड्रीवाला · बुधवार, दुपारी १:३०

मॅडम, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंत, लई उपकार झाले. आमच्या भाषेत मला आता असं कळलं की पॅटर्नच, म्हणजे ज्यावरनं साचा घेतात तो नमुनाच राहिला नाही, तर कास्टिंग (ओतीव वस्तू) कुठनं पडणार. जुना एक्सरे आई शोधतेय, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय म्हणते. शनिवारी ओपीजी काढतो.

कागलचा_नातू · बुधवार, सायंकाळी ६:५०

डॉक्टर मॅडम, मग आमच्या आजोबांचं काय झालं असेल ते सांगाल का? आजोबा ७४ वर्षांचे, सगळे दात जाऊन बारा वर्षं झाली, दोन्ही जबड्यांत कवळी. गेल्या वर्षी खालची कवळी टोचायला लागली आणि बघतो तर मागं हिरडीतनं चक्क दात. गल्लीत बातमी पसरली की आजोबांना पुन्हा दात येताहेत. माणसं बघायला यायची. आजोबांना फार आनंद झाला होता, आता उसाची कांडी खाणार म्हणायचे. आम्हीही दवाखान्यात न्यायचं टाळलं, कारण चांगलंच चाललंय असं वाटलं. महिनाभरात तिथं पू झाला, मग काढावा लागला. आजोबा चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आमच्या डोक्यात नीट शिरलं नाही.

राजारामपुरी_दंतवैद्य · बुधवार, रात्री ९:१५

हे मी स्वतः पाच-सहा वेळा तरी बघितलंय. आजोबांची एक अक्कलदाढ तरुणपणी वर आलीच नव्हती, हाडात आडवी पडून राहिली होती. दात गेले की जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, त्यात वरनं कवळीचा दाब. धरणाचं पाणी उतरल्यावर बुडालेल्या देवळाचा कळस दिसावा तसा तो दात उघडा पडतो. दात वर आलेला नसतो, भोवतीचं हाड खाली गेलेलं असतं. म्हणून कवळी बसवायच्या आधी एक ओपीजी काढून आत काही लपलंय का ते बघावं, असं मी प्रत्येकाला सांगते.

सायन्सवाला · बुधवार, रात्री १०:२०

मी बीएस्सीला आहे, म्हणून एक मुद्दा मांडतो. निसर्गात दात परत येतात. शार्कचे तर आयुष्यभर येत राहतात, मगरीचेही. हत्तीला दाढांचे सहा संच मिळतात. आपल्या आजरा-चंदगडकडं येणारा हत्ती घ्या, त्याची पुढची दाढ झिजली की मागची पट्टी सरकल्यासारखी पुढं येते. सहावी झिजली की मात्र त्याला नीट चावता येत नाही आणि म्हातारा हत्ती त्यातच खंगतो.

माणसासाठीही प्रयत्न चालू आहेत. जपानमध्ये कात्सु ताकाहाशी यांच्या गटानं यूसॅग-१ नावाच्या प्रथिनावर काम केलंय. हे प्रथिन दाताच्या अंकुराला वाढू देत नाही, लगाम घालतं. त्याला अडवणारी अँटिबॉडी दिल्यावर उंदरांमध्ये आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात दात वाढले. २०२१ साली तो शोधनिबंध आला. २०२४ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली, ३० ते ६४ वयाच्या, निदान एक दात नसलेल्या ३० पुरुषांवर. २०३० च्या सुमाराला औषध लोकांपर्यंत न्यायचं त्यांचं उद्दिष्ट आहे.

शाहूपुरी_५वी_गल्ली · बुधवार, रात्री १०:४५

म्हणजे आता दात पडले तर थांबायचं का? माझी पुढची दाढ काढायला सांगितलीय, इंप्लांटचा खर्च परवडणारा नाही. हे औषध येईपर्यंत तशीच मोकळी जागा ठेवली तर चालेल का?

राजारामपुरी_दंतवैद्य · गुरुवार, सकाळी ७:१०

नका थांबू. सायन्सवाला यांनी दिलेली माहिती बरोबर आहे आणि मीही ते संशोधन आशेनं वाचते. पण पहिली चाचणी औषध माणसाला सुरक्षित आहे का हे बघण्यासाठी आहे. पुढं ते आधी जन्मतः अनेक दात नसलेल्या मुलांना देऊन बघायचं आहे. त्या मुलांचं बालपण मी जवळनं बघितलंय, शाळेत तोंड मिटून बसतात, म्हणून हे औषध आधी त्यांच्यापर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं. तुमची जागा रिकामी राहिली तर शेजारचे दात तिकडं कलतील आणि समोरची दाढ लांबून खाली येईल. इंप्लांट परवडत नसेल तर ब्रिज आहे, काढ-घाल करायची दातपट्टीही आहे. सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात, किंवा नवे पारगावच्या दंत महाविद्यालयात विचारा, खाजगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. आणि दाढ काढण्याआधी ती रूट कॅनलनं वाचते का, हे आणखी एका डॉक्टरांना विचारून घ्या.

शिरोळची_सून · गुरुवार, दुपारी ३:४०

मी कधी इथं लिहीत नाही, फक्त वाचते. सासूबाईंची मागची दाढ दोन महिन्यांपूर्वी आपोआप हलून पडली. त्या जागी आता कडक, खरबरीत उंचवटा आलाय. त्या म्हणतात नवी दाढ येतेय, येऊ दे. दुखत नाही म्हणून दाखवायला तयार नाहीत. पन्नास वर्षं मशेरी लावतात, तीही त्याच बाजूला. हा धागा वाचून मला धास्ती वाटायला लागली. डॉक्टर ताई, हे राहिलेलं मूळच असेल ना?

राजारामपुरी_दंतवैद्य · गुरुवार, दुपारी ३:५५

ताई, दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय. उद्याच घेऊन जा, तालुक्याला नको, सरळ सीपीआरला या. मशेरी म्हणजे तंबाखूच. दात कारण नसताना हलून पडणं, तिथली जखम दोन-तीन आठवड्यांत न भरणं, खरबरीत कडक उंचवटा, आणि तरी न दुखणं, हे सगळं एकत्र असलं की तपासणी करायलाच हवी. सुरुवातीचा तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा दुखत नाही, त्यामुळं आपल्याकडच्या बायका फार उशिरा येतात. तसा तो नसेलही. छोटा तुकडा काढून तपासला की कळतं. त्यांना कॅन्सर शब्द ऐकवू नका, "दाढ नीट येतेय का बघून येऊ" म्हणा. उद्या दुपारपर्यंत इथं कळवा.

गंगावेसकर · गुरुवार, सायंकाळी ५:३०

वहिनी, एसटीनं येणार असाल तर सांगा. मी दसरा चौकातच असतो. केसपेपर काढण्यापासून सगळं करतो, तुम्ही फक्त त्यांच्याजवळ बसा.

शिरोळची_सून · शुक्रवार, दुपारी २:२०

नेलं. गंगावेसकर भाऊ दारातच उभे होते, रांगेत त्यांनीच नंबर लावला. डॉक्टरांनी हात फिरवून बघितलं, गळ्याच्या गाठी तपासल्या आणि आजच तुकडा घेतला. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील. मी काही न बोलता सासूबाईंनी परतीच्या गाडीत मशेरीची डबी माझ्या हातात दिली.

फौंड्रीवाला · रविवार, सकाळी ९:०५

शनिवारी काम झालं. सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखाच कुणीतरी रात्री अकरा वाजता हे शोधत येईल.

ओपीजी काढला आणि जुना एक्सरेही घेऊन गेलो. यावेळी दुसऱ्या डॉक्टरांकडं. त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी उजेडावर धरल्या. जुन्या फिल्ममध्ये दाढ आडवी झोपलेली आणि तिच्या मागच्या मुळाचं टोक आकड्यासारखं खाली वळलेलं. ते टोक दोन पांढऱ्या रेघांच्या मधल्या काळ्या पट्टीवर टेकलेलं दिसत होतं. ती पट्टी म्हणजे नसेचा बोगदा. नव्या फिल्ममध्ये दाढ नाही, हाड छान भरलंय. पण ते वळलेलं टोक तसंच्या तसं आहे, फक्त बोगद्यापासनं बरंच वर आलंय आणि तिरकं होऊन हिरडीच्या काठाशी पोचलंय. चार वर्षं ते माझ्या जबड्यात वर सरकत होतं आणि मला पत्ता नव्हता.

डॉक्टर म्हणाले, तेव्हा हे टोक काढायचा हट्ट धरला असता तर ओठ गेला असता, ठेवलं ते बरोबरच केलं. मला हे पटलं. पण "एक टोक राहिलंय, कधी वर आलं तर घाबरू नका, येऊन दाखवा" हे एक वाक्य कुणी मला सांगितलं नाही, कागदावरही कुठं लिहिलेलं नाही. फोन केला तेव्हाही फाईल उघडून बघितली नाही. त्याचं मला वाईट वाटतं आणि मी ते त्या दवाखान्यात जाऊन शांतपणे सांगणार आहे.

काढायला किती वेळ लागला? भूल देऊन दहा मिनिटं. हिरडीला छोटी चीर दिली, टोक हलवलं आणि चिमट्यात आलं. एक टाका. मी मागून घेतलं, आता समोर डबीत आहे. अर्धा इंचसुद्धा नाही, टोकाला गळासारखं वळलेलं, तपकिरी. ओठाची जाणीव जागेवर आहे, संध्याकाळी बायकोनं पिसानं तपासून बघितली.

गडहिंग्लजची_लेक · रविवार, सकाळी ९:३०

दादा, वाचून बरं वाटलं. मी पण आईला बसवून सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या डॉक्टरला उगीच बोल लावला. एक विचारायचं होतं, खाण्यापिण्याचं काय सांगितलंय?

फौंड्रीवाला · रविवार, सकाळी ९:४२

पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, नाहीतर रक्ताची गुठळी निघते आणि खड्डा कोरडा पडून कानापर्यंत ठणका लागतो म्हणाले. तंबाखू-सिगारेट तर लांबच ठेवायची. मला ते व्यसन नाही. काल दूध-भात आणि थंड ताक. आज दुपारपासनं कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा चालू करायच्या आहेत. आठवड्यानं टाका बघायला बोलावलंय. शिरोळच्या वहिनी, रिपोर्ट आला की आधी इथं लिहा. मी रोज बघतोय.

शिरोळची_सून · रविवार, रात्री ८:१५

लिहिते भाऊ. सासूबाईंनी विचारलंय तुमचं टोक किती मोठं निघालं. फोटो टाका म्हणतात.